गाडीची नाडी : ऑटोमॅटिकच्या पोटातला क्लच



गेल्या अंकात ब्रेकबद्दल लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी ब्रेकबद्दल नव्हतीच, ट्रान्समिशनबद्दल होती. एक पत्र ओहायोतल्या एका भगिनीचं आहे. त्या लिहितात, ‘‘यजमान होते तोवर गाडीच्या बाबतीत मी कधी लक्ष घातलं नाही. आता नोकरी ३० मैलांवर आणि घरात गाडी एकच. गेले दोन महिने ४५ च्या वेगाला गाडी अंगात आल्यासारखी थरथरते आणि मग आपोआप शांत होते. इथला मेकॅनिक म्हणतो, ट्रान्समिशन गेलं, ४,२०० डॉलर लागतील. गाडी विकली तर तेवढेही यायचे नाहीत. भंगारात देऊन टाकू का?’’

ताई, इतक्यात देऊ नका. ‘ट्रान्समिशन गेलं’ हे वाक्य म्हणजे नाडी न बघता ‘ऑपरेशन करावं लागेल’ म्हणण्यासारखं आहे. कधी ते खरं असतंही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून माझा पहिला संशय जातो तो टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचवर. हा एक क्लच तीन तऱ्हांनी बिघडतो आणि त्या तिन्हींची बिलं अगदी वेगवेगळी येतात. कुठली तऱ्हा आहे हे बऱ्याच वेळा मालकाला स्वतःला, गाडीखाली न शिरता ओळखता येतं.

आपल्यापैकी बरेचजण गाडी शिकले ते फियाट नाहीतर ॲम्बॅसिडरवर. बोरघाटात चढावर ट्रॅफिक थांबला की डाव्या पायाखाली क्लच अर्धा धरून ठेवायचा आणि मागच्या ट्रकवर जाऊन आदळू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. इथे आल्यावर बघितलं तर खाली दोनच पेडल. डावा पाय रिकामा! तेव्हापासून आपली समजूत अशी की ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो. प्रत्यक्षात ऑटोमॅटिकच्या पोटात एक सोडून चार-पाच क्लच असतात. गिअर बदलणारे वेगळे आणि आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो वेगळा.

इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये एक मोठा, चपट्या लोखंडी भोपळ्यासारखा डबा असतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. डबा तेलानं भरलेला असतो. आत समोरासमोर पात्यांची दोन चक्रं. एक इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरवली की ताक फिरतं आणि ताकात तरंगणारा लोण्याचा गोळाही फिरतो, तसं इंजिनाचं चक्र तेलाला फिरवतं आणि तेल दुसऱ्या चक्राला. मध्ये स्टेटर नावाचं एक लहान चक्र असतं. परत येणारं तेल ते योग्य दिशेला वळवतं आणि त्यामुळे गाडी सुटताना चाकांना इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट जोर मिळू शकतो. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपलं तेल घुसळत बसतं, बंद पडत नाही. डाव्या पायाला सुट्टी मिळाली ती या डब्यामुळे.

ही कल्पना मुळात मोटारीसाठी नव्हतीच. हेरमान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. पुढे रेल्वेच्या इंजिनांतही ती आली. हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्ये काम केलेले कुणी वाचक असतील तर त्यांना हे नव्यानं सांगायला नको.

पण लोण्याचा गोळा रवीइतक्या वेगानं कधीच फिरत नाही. तसंच इथे दुसरं चक्र पहिल्याच्या नेहमी थोडं मागे राहतं. हायवेवर तासन्‌तास तेल घुसळलं जातं, तेल तापतं आणि तेवढा गॅस फुकट जातो. यावर उपाय म्हणून डब्याच्या आतच एक क्लच बसवला. गाडीनं वेग घेतला की तेलाच्या दाबानं हा क्लच डब्याच्या भिंतीला चिकटतो, दोन्ही चक्रं एकजीव होतात आणि तेलाची मध्यस्थी संपते. याला लॉकअप म्हणतात. पॅकार्ड कंपनीनं १९४९ मध्येच असा क्लच बसवला होता, पण तेव्हा गॅस स्वस्त होता, कुणाला त्याचं अप्रूप नव्हतं. १९७३ च्या तेलबंदीनंतर पंपांवर लागलेल्या रांगा आणि १९७४ पासूनचं ५५ मैलांचं बंधन आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७५ मध्ये काँग्रेसनं मायलेजचा कायदा केला. १९७८ च्या गाड्यांना सरासरी गॅलनला १८ मैल, १९८५ ला २७.५. मग सगळ्यांना पॅकार्डच्या त्या युक्तीची आठवण झाली. क्रायस्लरनं १९७८ च्या गाड्यांत लॉकअप आणला, जनरल मोटर्सनं १९८० च्या सुमारास. म्हणजे हा क्लच आपल्या गाडीत आहे तो सरकारच्या धाकानं, आणि दुखणी तेव्हापासूनची.

तो लागतो आणि सुटतो हे आधी ओळखायला शिका. गाडी १५-२० मिनिटं चालवून चांगली गरम करा. मोकळा, सपाट रस्ता बघा, मागे गाडी नाही याची खात्री करा. ५० ते ५५ च्या वेगाला गॅसवरचा पाय अजिबात न हलवता डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा. गाडी थांबवायची नाही, मागचा लाल दिवा लागेल इतकंच. त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा दोनतीनशेनं वर उडाला आणि पाय काढल्यावर थोड्या वेळानं परत खाली बसला, तर क्लच लागतो आहे आणि ब्रेकच्या इशाऱ्यानं सुटतोही आहे. काटा जागचा हललाच नाही तर एक तर क्लच लागतच नाही किंवा सुटत नाही. हे दोघांनी मिळून करावं. एकानं चालवायचं, शेजारच्यानं काटा बघायचा. नवराबायकोंनी केलंत तर भांडण होणार हे गृहीत धरा. एक पथ्य आहे. अलीकडच्या गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली तर कॉम्प्युटर इंजिनाचा जोर काढून घेतो, म्हणून ब्रेकला स्पर्श अगदी ओझरता, एखाद्या सेकंदाचाच हवा.

आता ताईंची थरथर. हलक्या गॅसवर, थोड्याशा चढावर, ४० ते ५० च्या दरम्यान एकदोन सेकंद गाडी अशी हलते की रस्त्याच्या कडेच्या खाचांवर चाक गेलं असं वाटावं. आपल्या लाल एस.टी.च्या काचा खडखडायच्या तसं. होतं असं की क्लच धड चिकटत नाही आणि धड सुटतही नाही, धरतो-निसटतो, धरतो-निसटतो. खडू फळ्यावर चुकीच्या कोनात धरला की कसा थडथडतो? तोच प्रकार. ब्रेकला स्पर्श केल्याबरोबर थरथर गेली तर संशय बळावतो.

पण बळावतो, सिद्ध होत नाही. इथे भलेभले मेकॅनिक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्लच लागलेला असताना इंजिन थेट चाकांना बांधलेलं असतं. अशा वेळी एखादा स्पार्क प्लग अधूनमधून चुकत असेल तर त्याचा प्रत्येक हिसका तुमच्या पाठीपर्यंत पोचतो. ब्रेकला पाय लावला की क्लच सुटतो, मध्ये तेलाची गादी येते आणि तो हिसका गायब होतो. प्लगचा दोष तसाच, पण खापर फुटतं ट्रान्समिशनवर! दोनअडीचशेचे प्लग आणि कॉइल बदलायचे सोडून चार हजारांचं ट्रान्समिशन काढलं आणि थरथर जशीच्या तशी, असं होऊ शकतं. म्हणून आधी प्लग शेवटचे कधी बदलले ते बघा. मग मेकॅनिकला सांगा की स्कॅनर लावून गाडी रस्त्यावर घेऊन चल, आणि थरथर चालू असताना कन्व्हर्टरच्या स्लिपचा आकडा बघ. तो आकडा वरखाली उड्या मारत असेल तर दोष क्लचचा. आकडा स्थिर आणि तरी गाडी हलते आहे, तर इंजिनाकडे वळा. ही दहा मिनिटांची फेरी न मारता जो ट्रान्समिशन काढायला निघतो त्याच्याकडून मी तरी काम करून घेणार नाही.

क्लचचाच दोष ठरला तरी घाबरू नका, कारण थरथरीचं सगळ्यात मोठं कारण तेल हेच असतं. या तेलात घर्षण नेमकं किती असावं यासाठी औषधं घातलेली असतात आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी. सगळ्या ऑटोमॅटिकचं तेल लाल दिसतं, म्हणून ते सारखंच असतं असं नाही. कोकम सरबत लाल आणि टोमॅटोचं सारही लाल! १९८९ मध्ये क्रायस्लरनं मिनीव्हॅनसाठी चार गिअरचं नवं इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशन आणलं, ए-६०४. त्या काळी मुलं, आजीआजोबा आणि अधिवेशनाच्या नाटकाचं सामान एकदम न्यायचं म्हणून आपल्या लोकांनी या व्हॅन हौसेनं घेतल्या. त्या ट्रान्समिशनला क्रायस्लरचंच खास तेल लागतं. ऑइल बदलणाऱ्या दुकानांत सर्रास डेक्सरॉन ओतलं जायचं आणि त्यापायी कित्येक व्हॅन थरथरायला लागल्या. बरीच ट्रान्समिशनं निष्कारण उघडली गेली. हे फक्त जुन्या काळी झालं असंही नाही. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या ट्रान्समिशनमध्ये २०१५ ते २०१९ च्या गाड्यांना अशीच थरथर सुटली. मूळ तेल हवेतला ओलावा शोषून घेत होतं. २०१९ मध्ये कंपनीनं डीलरांना कळवलं की सगळं जुनं तेल धुऊन काढा आणि नव्या प्रकारचं भरा.

ताईंशी मी फोनवर बोललो. थरथर सुरू होण्याच्या आधी त्यांनी एका दुकानात ट्रान्समिशनचं तेल बदलून घेतलं होतं आणि पावतीवर ‘सगळ्या गाड्यांना चालणारं’ तेल लिहिलेलं होतं. त्यांना सांगितलं की गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं नेमकं तेल आणा आणि दोनदा बदला. दोनदा एवढ्यासाठी की खालचं तसराळं उघडलं तरी निम्म्याहून कमी तेल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. आज बदला, काहीशे मैल चालवा, पुन्हा बदला. स्पार्क प्लग त्यांचे नवेच होते. दुसऱ्या बदलानंतर थरथर थांबल्याचा त्यांचा निरोप आहे. दोन्ही वेळचं मिळून बिल ४०० डॉलरच्या आत. आणखी काही हजार मैल सुखरूप गेल्याशिवाय मात्र मी पेढे मागणार नाही.

जुनं तेल बदललं की ट्रान्समिशन बसतं, असा एक समज आपल्यात पक्का आहे. तेल काळं झालं असेल, करपल्याचा वास येत असेल आणि गिअरच घसरत असतील, तर आतले क्लच आधीच संपलेले असतात. अशा वेळी तेल बदलूनही उपयोग नाही आणि नाही बदललं तरी ट्रान्समिशन जाणारच, बिचाऱ्या नव्या तेलावर फुकट आळ. पण तेल अजून लालसर आहे आणि तक्रार फक्त थरथरीची आहे, तर बदलायलाच हवं. मशीन लावून जोरात धुण्यापेक्षा मला तसराळं काढून, फिल्टर बदलून, हळूहळू केलेलं बरं वाटतं. डिपस्टिक असेल तर तेल कसं बघायचं हेही गाडीगणिक वेगळं. बहुतेकांत इंजिन गरम आणि चालू ठेवून बघतात, होंडामध्ये गरम करून बंद केल्यावर. पुस्तिका वाचा.

दुसरी तऱ्हा म्हणजे क्लच सुटतच नाही. हायवेवर गाडी उत्तम. एक्झिट घेऊन सिग्नलला थांबायला गेलात की गाडी आचके देते आणि बंद पडते. क्लच न दाबता फियाट थांबवली तर काय व्हायचं, तेच. सकाळी थंड असताना काही नाही, तापल्यावरच. भर चौकात, मागे भोंगे वाजत असताना बंद पडणारी गाडी ही नुसती गैरसोय नाही, धोका आहे, तेव्हा हे दुखणं अंगावर काढू नका. १९८० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या या दोषासाठी प्रसिद्ध होत्या. सेलेब्रिटी, सेंच्युरी, कटलास सिएरा. दोष एका बोटभर सॉलेनॉइडचा. हा विजेवर चालणारा झडपेचा तुकडा तापला आणि त्यात बारीक कचरा अडकला की जागचा हलायचा नाही, क्लचवरचा दाब सुटायचा नाही. परीक्षा सोपी होती. ट्रान्समिशनच्या अंगावर लागलेली वायरची जोडणी काढून ठेवायची. गाडी बंद पडायची थांबली की चोर सापडला. बाजूचं झाकण काढलं की सॉलेनॉइड हाताला लागायचा, ट्रान्समिशन उतरवायची गरज नव्हती. तरी कार्बोरेटरपासून इंधनाच्या पंपापर्यंत सगळं बदलून झाल्यावर शेवटी तिकडे लक्ष जायचं, कारण ‘गाडी बंद पडते’ म्हटलं की सगळे इंजिनच उघडतात. आजच्या गाड्यांत वायर काढून बघायचा उद्योग करू नका. एकाच जोडणीतून सगळ्या गिअरचा कारभार चालतो. त्याऐवजी कोड वाचा. १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली जोडणी असते आणि पार्ट्सची बरीच दुकानं फुकट वाचून देतात. पी ०७४२ आला तर कॉम्प्युटर म्हणतो आहे की क्लच अडकून बसला आहे.

तिसऱ्या तऱ्हेत क्लच लागतच नाही, कोड बहुधा पी ०७४० किंवा पी ०७४१. गाडी चालते, बंद पडत नाही, फक्त हायवेवर इंजिन नेहमीपेक्षा जोरात फिरतं आणि गॅस जास्त खातं. त्यामुळे लोक वर्षानुवर्षं तसेच चालवतात. तेल तापत राहतं हे लक्षात ठेवा. गंमत म्हणजे याचं कारण पुष्कळदा ट्रान्समिशनच्या बाहेर असतं. इंजिन गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटर क्लच लावत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर हिवाळ्यात इंजिन पुरतं गरमच होत नाही. हीटर कोमट वारा देतो आहे का ते बघा. तसंच ब्रेकच्या पेडलवरचा स्विच बिघडला तर कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही सारखा ब्रेक दाबून बसला आहात. क्रूझ कंट्रोलही चालत नसेल तर आधी हा स्विच तपासायला सांगा. वीसतीस डॉलरची वस्तू.

हे सगळं ठीक निघालं आणि तसराळ्यात काळा गाळ सापडला, तर मात्र क्लचचं अस्तर झिजलं असं समजा. कन्व्हर्टर बदलायचा म्हणजे ट्रान्समिशन खाली उतरवावं लागतं, मजुरी तिथेच लागते. अशा वेळी दोन प्रश्न जरूर विचारा. तेल थंड करणारा कूलर बदलणार की धुणार? कारण जुन्या क्लचचा गाळ तिथे साठलेला असतो आणि नव्या कन्व्हर्टरमध्ये तोच जातो. आणि व्हाल्व्ह बॉडी तपासली का? ॲल्युमिनियमच्या भोकात व्हाल्व्ह हजारो वेळा पुढेमागे होऊन भोक झिजतं, दाब गळतो. ते तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर वर्षभरात पुन्हा तीच रड. टोयोटाच्या बहुतेक हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांना हा डबाच नाही, त्यांच्या मालकांनी हा लेख इतरांसाठी जपून ठेवावा. पण सीव्हीटी म्हणजे कन्व्हर्टर नाही असं समजू नका. बऱ्याच सीव्हीटी गाड्यांतही तो असतो.

मेकॅनिक निवडताना भिंतीवर एएसईचं ए-२ प्रमाणपत्र आहे का बघा, ते ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं असतं. ज्या दुकानात ते काम रोज चालतं तिथेच जा. अंदाजपत्रक लेखी घ्या. कॅलिफोर्नियात तर कायद्यानं ते द्यावंच लागतं आणि तुमच्या संमतीशिवाय त्याच्या वर एक डॉलर लावता येत नाही. जुने भाग परत हवेत हे काम सोपवतानाच सांगायचं. कन्व्हर्टरसारखे बदल्यात द्यायचे भाग घरी नेता येत नाहीत, पण बघायला मिळतात. बघाच. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या दुकानात तेल बदललं एवढ्यावरून वॉरंटी रद्द होत नाही. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा तुमच्या बाजूनं आहे. पावत्या आणि त्यावर तेलाचं नाव जपून ठेवा.

ज्यांना अशा तक्रारीबद्दल मला लिहायचं असेल त्यांनी गाडीचं साल, मॉडेल, मैल, थरथर किंवा बंद पडणं गरम असताना होतं की थंड, आणि ब्रेकला पाय लावल्यावर काटा हलला की नाही, एवढं कळवावं. ‘गाडी कशीतरीच करते’ या वाक्यावरून माझी धन्वंतरीची विद्या चालत नाही.